खार, कुर्ली आणि गोगलगाय

संगणकाला मराठी कळत नाही, तशी इंग्लिशही कळत नाही. त्याला कळतात त्या फक्त त्याच्या प्रोसेसरच्या ठरावीक आज्ञा. म्हणून आपण लिहिलेला प्रोग्राम आणि यंत्र यांच्या मध्ये कुणीतरी बसावं लागतं. आपलं वाक्य वाचायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि त्याप्रमाणे यंत्राकडून काम करून घ्यायचं, हे त्याचं काम. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. म्हणजे चक्क दुभाषा. गोव्यात हा शब्द फार समजावून सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीत इथे सरकारी दुभाषे नेमलेले असत. आणि घरात कोंकणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्लिश असं वाढलेला आपल्यातला प्रत्येक जण दिवसातून दहा वेळा स्वतःचाच दुभाषा होत असतो.

गेल्या सत्रात आम्ही तिघांनी असे तीन दुभाषे घरच्या घरी तयार केले. म्हणजे तीन छोट्या प्रोग्रामिंग भाषा, आणि त्या चालवणारे तीन इंटरप्रिटर. वास्कोच्या मित्राने आपला इंटरप्रिटर सी भाषेत लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘खार’. डिचोलीच्या मैत्रिणीने जावात लिहिला. तिच्या लोगोला दोन नांग्या होत्या, म्हणून ती ‘कुर्ली’. माझा पायथॉनमध्ये होता. तो किती धावणार याचा मला आधीच अंदाज होता, म्हणून मीच त्याला ‘गोगलगाय’ म्हणून टाकलं. बाकी दोघांच्या भाषेत इंग्लिश शब्द होते. माझ्या भाषेत मात्र ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’, ‘परत दे’ असे शब्द होते, कारण ती मराठी मंडळाच्या उपयोगी पडावी अशी माझी इच्छा होती.

तीन गाड्या एका गल्लीत उभ्या राहिल्या की शर्यत लागणारच. प्रश्न साधा होता: कुणाचा दुभाषा सर्वांत जलद? पण त्यामागे आणखी एक प्रश्न होता, आणि तो साधा नव्हता. मराठी मंडळाला मात्रा मोजणारा प्रोग्राम हवा होता. वृत्तबद्ध कविता अंकासाठी येतात, त्या तपासायला मॅडमना आणि संपादक मंडळाला बोटं मोजत बसावं लागतं. हा प्रोग्राम तिघांपैकी एकाच्या भाषेत लिहायचा होता. म्हणजे एकाची चार महिन्यांची मेहनत वापरात येणार आणि दोघांची लॅपटॉपच्या कोपऱ्यात पडून राहणार. जो जिंकेल त्याची भाषा, असं ठरलं.

शर्यतीसाठी एकच प्रोग्राम हवा, जो तिन्ही भाषांत सारखाच लिहिता येईल. जगभर यासाठी एक ठरलेला प्रोग्राम वापरतात: फिबोनाची संख्या काढणारा, तोही मुद्दाम सगळ्यात आळशी पद्धतीने. पस्तिसावी संख्या हवी असेल तर चौतिसावी आणि तेहतिसावी काढून बेरीज करा. चौतिसावी हवी असेल तर तेहतिसावी आणि बत्तिसावी काढा. असं खाली उतरत जायचं. मध्ये काढलेलं उत्तर लक्षात ठेवायचं नाही, पुन्हा लागलं तर पुन्हा काढायचं. अशा रीतीने पस्तिसावी संख्या काढताना तो प्रोग्राम स्वतःला २,९८,६०,७०३ वेळा हाक मारतो. उत्तर येतं ९२,२७,४६५. गणित क्षुल्लक आहे, पण हाका जवळजवळ तीन कोटी. दुभाष्याचा घाम काढायला एवढं पुरतं.

मराठीच्या मॅडमना हा प्रकार सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हे तर आमचं छंदशास्त्र!” आणि ते खरंच आहे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. आता एखाद्या मात्रावृत्ताच्या ओळीत अमुक मात्रा भरायच्या तर लघु-गुरूंच्या किती तऱ्हा होतील? ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल तर मागे एक मात्रा कमी असलेली ओळ उरते. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणजे आधीच्या दोन उत्तरांची बेरीज. एक मात्रेची एक तऱ्हा, दोनच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. विरहांक आणि गोपाल यांनी हे आधीच ओळखलं होतं, आणि ११५० च्या सुमाराला हेमचंद्राने ते मांडलं. पिसाच्या फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ मध्ये. म्हणजे आमचा शर्यतीचा प्रोग्राम प्रत्यक्षात विचारत होता, की चौतीस मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल. मंडळाच्या कामाला याहून योग्य शर्यत कुठली असणार!

मोजायचे नियमही ठरवावे लागले. एकच लॅपटॉप, चार्जर लावलेला, बाकी सगळं बंद. प्रत्येक प्रोग्राम दहा वेळा चालवायचा आणि दहांतली सर्वांत कमी वेळ धरायची. सरासरी का नाही, असं मैत्रिणीने विचारलं. कारण मध्येच काही अडथळा आला, कुठलं अपडेट सुरू झालं, पंखा तापून मशीन मंदावलं, तर वेळ वाढते; अडथळ्यामुळे वेळ कमी कधीच होत नाही. म्हणून सर्वांत कमी वेळ हीच प्रोग्रामच्या खऱ्या वेळेच्या सर्वांत जवळची. जावाची आणखी एक गंमत होती. जावाचं यंत्र सुरू व्हायलाच थोडा वेळ घेतं, पण एकच काम पुन्हा पुन्हा येतंय हे दिसलं की तेवढा भाग ते चालता चालता थेट प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवून ठेवतं. त्यामुळे छोट्या कामात कुर्ली उगाच मंद दिसते आणि मोठ्या कामात तिला पाय फुटतात. मोजायचं काम लहान की मोठं, एवढ्यानेच निकाल थोडा इकडेतिकडे होतो.

निकाल मात्र स्पष्ट लागला. खारीला जिथे एक-दीड सेकंद लागला, तिथे कुर्लीला चार-पाच. गोगलगाय सुरू करून आम्ही कँटीनमध्ये चहा सांगून आलो, तरी ती चालतच होती.

एवढा फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवा. वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे भाग, त्यांचे पुन्हा भाग, अशा फांद्या काढत आपण वहीत एक झाड तयार करत होतो. इंटरप्रिटरसुद्धा प्रोग्राम वाचून प्रथम असंच झाड तयार करतो. कुर्ली आणि गोगलगाय या दोघी पुढे त्या झाडावरच काम करतात. ‘क मधून एक वजा कर’ एवढं करायचं असलं तरी बुंध्यापासून वजाबाकीच्या फांदीवर जायचं, तिथून ‘क’च्या फांदीवर, मग ‘एक’च्या, मग परत वर. तीन कोटी हाका म्हणजे ही चढउतार तीन कोटी वेळा, आणि प्रत्येक हाकेत अशा कितीतरी फांद्या. एकेका नारळासाठी माडावर चढून पुन्हा खाली येणारा पाडेली कुणी ठेवील का?

खार शहाण्या पाडेल्यासारखी वागते. ती झाडावर एकदाच चढते, सगळं उतरवते आणि खाली ओळीने मांडून ठेवते: ‘क घे, एक घे, वजा कर, हाक मार.’ या सपाट आज्ञांना बाइटकोड म्हणतात. पुढे झाडाकडे बघायचंच नाही, ओळीने आज्ञा उचलत जायचं. प्रोसेसरलाही हे सोयीचं पडतं, कारण शेजारी शेजारी ठेवलेल्या गोष्टी त्याला चटकन मिळतात आणि आठवणीत इथे-तिथे विखुरलेल्या फांद्या शोधायला वेळ लागतो. शिवाय ‘क’ म्हणजे कुठली किंमत, हे कुर्ली आणि गोगलगाय दर वेळी नावाने शोधतात. अनोळखी वाड्यावर दारोदार नाव विचारत फिरावं तसं. खारीने घर नंबर आधीच लिहून ठेवलेला असतो.

गोगलगायीचं आणखी एक दुखणं आहे. ती पायथॉनमध्ये लिहिलेली, आणि पायथॉन हा स्वतःच एक इंटरप्रिटर. म्हणजे दुभाष्याचं बोलणं समजावून सांगायला दुसरा दुभाषा. हाच फिबोनाचीचा प्रोग्राम थेट पायथॉनमध्ये लिहिला असता तर काही सेकंदांत आटपला असता. मधला एक थर वाढला आणि सेकंदांची मिनिटं झाली.

हे काही फक्त विद्यार्थ्यांच्या खेळण्यांत घडतं असं नाही. जपानमध्ये जन्मलेली रुबी भाषा १.८ या आवृत्तीपर्यंत झाडावरच चालत होती. २००७ मध्ये आलेल्या १.९ मध्ये तिला बाइटकोड चालवणारं नवं आभासी यंत्र मिळालं. पायथॉन तर किती जुना, १९९१ चा. तरी २०२२ मध्ये ३.११ ही आवृत्ती आली तेव्हा ती आधीच्यापेक्षा सरासरी सव्वापट जलद असल्याचं तिच्या कर्त्यांनी जाहीर केलं. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांच्या ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’ या २०२१ च्या पुस्तकात एकच भाषा दोनदा बांधली आहे: आधी जावात झाडावर चालणारी, मग सीमध्ये बाइटकोडवर चालणारी. कुर्ली आणि खार या दोघी त्याच पुस्तकाच्या दोन अर्ध्या भागांतून आलेल्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

आणि घरगुती भाषेचं सर्वांत मोठं उदाहरण तर गोव्याने लगेच ओळखावं असं आहे. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तिघा जणांनी एक छोटी भाषा तयार केली. ब्राझीलमध्ये १९९२ पर्यंत परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर आणण्यावर कडक निर्बंध होते, त्यामुळे हवं ते आपणच करायचं अशी तिथे सवय पडली होती. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या इंजिनियरांसाठी त्यांनी आधी ‘सोल’ नावाची भाषा केली होती. सोल म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. मग पुढच्या भाषेचं नाव आलं ‘लुआ’. ज्यांच्या घरी आजीला अजून पोर्तुगीज येतं त्यांनी विचारून बघा: लुआ म्हणजे चंद्र. आज ही भाषा कितीतरी खेळांच्या आणि प्रोग्रामांच्या पोटात बसलेली आहे, आणि तिचा इंटरप्रिटर लहान आणि जलद म्हणून नावाजलेला आहे. तोही बाइटकोडवरच चालतो.

तर खार जिंकली. ठरल्याप्रमाणे मात्रांचा प्रोग्राम खारीत लिहायला घेतला. आणि पहिल्याच पायरीला गाडी अडली.

पहिली पायरी अशी, की ओळीतली अक्षरं सुटी करायची. चाचणीसाठी आम्ही तिन्ही इंटरप्रिटरना विचारलं: ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? खार म्हणाली पंधरा. कुर्ली म्हणाली पाच. गोगलगाय म्हणाली तीन.

तिघींचंही आपापल्या परीने बरोबर होतं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’त चिन्हं पाच: म, र, काना, ठ, आणि दीर्घ वेलांटी. पाच त्रिक पंधरा. खार बाइट मोजते, म्हणून पंधरा. कुर्ली चिन्हं मोजते, म्हणून पाच. माणूस अक्षरं मोजतो: म, रा, ठी. गोगलगायीत मी पहिल्यापासून अक्षर हेच माप धरलं होतं. मॅडम शेजारी होत्या. कुर्लीचा पाच बघून त्या हसल्या, “पाच तर मराठी या शब्दाच्या मात्रा आहेत!” योगायोगच तो. ‘म’ची एक, ‘रा’च्या दोन, ‘ठी’च्या दोन. पण ‘किती’ हा शब्द घेतला की योगायोग संपतो. चिन्हं चार, मात्रा तीन.

खारीला ‘मराठी’तलं पहिलं अक्षर मागितलं तर ती ‘म’चा एक तृतीयांश तुकडा देते, आणि पडद्यावर काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. जोडाक्षरं तर पुढचीच गोष्ट. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं. यंत्राला ती चार चिन्हं आणि बारा बाइट असतात.

ही अडचण आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात या देशाच्या लिपीत पुस्तकं छापायची इच्छा व्यक्त केली होती आणि अडचणही सांगितली होती. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील. १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी मात्र यंत्राला सोयीची. यंत्र ज्या लिपीसाठी घडलं, तिथे ते जलद चालतं. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा असते. चारशे वर्षांनी आमच्या लॅपटॉपवर तोच प्रश्न पुन्हा उभा होता.

आता आम्हाला संशय आला आणि आकड्यांचीही परीक्षा घेतली. फिबोनाची संख्या साध्या बेरजेच्या फेऱ्यांनी काढत गेलो. छेचाळिसाव्या संख्येपर्यंत तिघींचं एकमत होतं: १,८३,६३,११,९०३. सत्तेचाळिसावी हवी २,९७,१२,१५,०७३. खारीने उत्तर दिलं उणे १,३२,३७,५२,२२३. तिने आकड्यासाठी बत्तीस बिटांची जागा ठेवली होती, ती भरून वाहिली आणि काटा उलटा फिरला. ना चूक दाखवली, ना थांबली. त्याच वेगाने पुढे गेली. कुर्ली दशांश संख्यांवर चालते. ती अठ्ठ्याहत्तराव्या संख्येपर्यंत अचूक राहते. एकोणऐंशीवी संख्या १४,४७,२३,३४,०२,४६,७६,२२१ इतकी मोठी, की तिच्या मापात शेवटचा अंक बरोबर येऊच शकत नाही. गोगलगाय मात्र पायथॉनच्या जिवावर हव्या तेवढ्या मोठ्या संख्या बिनचूक सांगत राहिली. सावकाश, पण बिनचूक.

इथे कुणालाही मोह होईल तो ससा-कासवाची गोष्ट सांगून मोकळं होण्याचा. हळू चालते ती खरी, धावते ती खोटी. मंडळात काही जणांनी तसं म्हटलंसुद्धा. पण वास्कोच्या मित्राला हे लागलं. तो म्हणाला, “माझी भाषा जलद आहे ती चुकीचं उत्तर देते म्हणून नाही. बघच तू.” आणि दोन रात्री जागून त्याने खारीत आकड्यांसाठी चौसष्ट बिटांची जागा केली, आणि प्रत्येक बेरजेनंतर ‘जागा भरून वाहिली का?’ ही तपासणी घातली. वाहिली तर आता खार थांबते आणि तसं सांगते. मग पुन्हा तीच शर्यत लावली. वेळ वाढली ती नाममात्र. कुर्ली अजूनही मागेच होती आणि गोगलगाय अजूनही चहापुरती मागे होती.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा हा होता. बरोबर उत्तर देणं हे मंदपणाचं कारण नव्हतं. खारीचा वेग आला होता तो झाडावर एकदाच चढण्यातून, घर नंबर आधी लिहून ठेवण्यातून. तपासण्या वगळून तिने जे मिळवलं होतं ते अगदी थोडं होतं. आपल्याकडे एकदम दोन टोकांना जायची सवय आहे: जलद असेल तर उथळ असणार, संथ असेल तर सखोल. इंटरप्रिटर असोत की माणसं, कुठे वेळ जातो ते मोजून बघितल्याशिवाय असं म्हणू नये. आणि उलटंही तितकंच खरं. दोन यंत्रांची उत्तरं जुळत नसतील तर त्यांच्या वेगाची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी दोघांनी एकाच प्रश्नाचं एकच उत्तर द्यावं, मग घड्याळ काढावं.

अक्षरांचा प्रश्नही त्याच युक्तीने सुटला. गोगलगाय दर वेळी ओळ हातात घेऊन तिची अक्षरं नव्याने सुटी करत होती. मित्र म्हणाला, ओळ तयार होते तेव्हाच एकदा अक्षरं पाडू आणि कुठलं अक्षर कुठे सुरू होतं ते शेजारी लिहून ठेवू. पुन्हा तोच पाडेली, तोच एकदाच चढलेला माड. अक्षरं कशी पाडायची त्याचे नियम गोगलगायीतून घेतले: हलन्त चिन्ह आलं की पुढचं व्यंजन याच अक्षरात, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे मागच्या अक्षराचेच. मैत्रिणीने चूक दाखवायचं काम अंगावर घेतलं. कुर्लीत चूक झाली तर ती ओळ, जागा आणि काय अपेक्षित होतं ते नीट सांगते. खार आधी फक्त ‘चूक’ म्हणून गप्प बसत असे. आणि मग सर्वांत मोठा बदल केला. इंटरप्रिटरचे दोन भाग असतात: भाषा वाचणारा पुढचा आणि काम करणारा मागचा. पुढचा भाग गोगलगायीचा ठेवला, ‘जर’ आणि ‘नाहीतर’ समजणारा. तो सीमध्ये नव्याने लिहिला. मागचा भाग खारीचा. मध्ये कुर्लीची चूक सांगायची पद्धत. कुणाची भाषा जिंकली, हा प्रश्नच मागे पडला. या संकराला नाव मात्र अजून मिळालेलं नाही. तीन प्राण्यांचं नाव एकत्र करून बघितलं, ते कुणालाच उच्चारता आलं नाही.

आता प्रोग्राम. नियम मॅडमनी सांगितले होते: ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वार-विसर्ग असलेल्याच्या दोन, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षराच्या दोन. ‘पुस्तक’मध्ये ‘पु’ ऱ्हस्व असूनही पुढच्या ‘स्त’चा आघात त्यावर येतो, म्हणून तो गुरू. याला अपवाद असतात. ते मी नंतर बघते, आधी एवढं होऊ दे, असं त्या म्हणाल्या होत्या. प्रोग्राम तयार झाल्यावर त्या ग्रंथालयात आल्या, चष्मा लावला आणि पडद्यावरचा मजकूर वाचू लागल्या. मोठ्याने, वर्गात उतारा वाचावा तसा. “जर अक्षर दीर्घ असेल, तर दोन परत दे. नाहीतर, जर पुढचं अक्षर जोडाक्षर असेल, तर दोन परत दे...” आणि तिथे थांबल्या. “आता इथे माझा अपवाद येतो. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येतो का? नाही. तिथे एकच मात्रा. ‘दुसऱ्या’तल्या ‘स’चंही तसंच.” मी कीबोर्ड पुढे ओढला. त्या म्हणाल्या, “थांब, कसं लिहायचं ते वरच्या ओळीत दिसतंय मला.” आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी ती ओळ स्वतः लिहिली: जर शब्द आघात नसलेल्यांच्या यादीत असेल, तर एक परत दे. यादीत ‘तुझ्या’ आणि ‘दुसऱ्या’ हे पहिले दोन शब्द त्यांनी भरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या प्रोग्राम लिहीत होत्या. प्रोग्राम चालला. ‘तुझ्या’च्या मात्रा तीन आल्या.

ती ओळ लिहायला मॅडमना सात-आठ मिनिटं लागली असतील. खारीला ती चालवायला किती वेळ लागतो ते मोजायलाही जमणार नाही इतका कमी. पण हीच ओळ दुसऱ्या भाषेत असती तर आधी त्यांनी नियम आम्हाला सांगायचा, आम्ही समजून घ्यायचा, आमच्या चिन्हांत लिहायचा, त्यांनी निकाल बघून चूक कळवायची, आम्ही पुन्हा दुरुस्त करायची, यात आठवडा गेला असता. त्या आठवड्याची नोंद कुठल्याच शर्यतीच्या तक्त्यात होत नाही. यंत्र दुभाष्याची वाट बघतं तो वेळ आपण सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. माणूस दुभाष्याची वाट बघतो तो वेळ कुणी मोजत नाही. आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय, की पुढच्या शर्यतीत दोन रकाने ठेवायचे. एकात यंत्राचा वेळ, दुसऱ्यात माणसाचा.

प्रोग्राम आता मंडळाच्या संगणकावर आहे. अपवादांची यादी मॅडम वाढवत आहेत आणि तिच्यात सव्वीस शब्द झाले आहेत. पुढच्या अंकासाठी पादाकुलकात कविता मागवल्या आहेत. चरणात सोळा मात्रा, आठ-आठची विभागणी. लघु-गुरूंच्या किती तऱ्हा शक्य आहेत ते आम्ही तिन्ही इंटरप्रिटरना विचारलं, आणि या वेळी तिघींनी एकमताने एकच उत्तर दिलं: १,१५६. तेव्हा वृत्तात शब्द बसत नाही ही सबब चालणार नाही. एक तऱ्हा जमली नाही तर उरलेल्या १,१५५ आहेत.